उत्तरेच्या खोलीला पांढरा नको

जर्मनीत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्या महिन्यात जे सल्ले मिळतात, त्यांत एक हमखास असतो: भिंतींना हात लावू नका. भाड्याचं घर आहे, पांढरं मिळालंय, पांढरंच ठेवा. एखादीने खोलीला पिवळा किंवा गेरवा रंग देण्याचा विचार नुसता बोलून दाखवला, की कारणांची रीघ लागते. इथे उजेड आधीच कमी, रंग लावलास तर खोली अंधारी होईल. घर सोडताना मालक अनामत परत देणार नाही. आणि शेवटी, जरा आवाज खाली आणून, की इथली माणसं असले भडक रंग लावत नाहीत गं. डार्मश्टाटमध्ये राहून हे मी इतक्यांदा आणि इतक्या भल्या माणसांकडून ऐकलं आहे, की त्याला एकदा सविस्तर उत्तर देणं मला गरजेचं वाटतं. यातलं एकही कारण नीट तपासलं तर सबंध टिकत नाही. शेवटचं तर या शहरात कुणी उच्चारूच नये असं आहे.

म्हणून शेवटच्यापासूनच सुरुवात करते.

१८९७ साली इथला तरुण ग्रँड ड्यूक एर्न्स्ट लुडविग याने आपल्या राजवाड्यातल्या, म्हणजे ‘नॉयेस पाले’मधल्या दोन खोल्या नव्याने सजवायला काढल्या. हा राणी व्हिक्टोरियाचा नातू. काम दिलं एम. एच. बेली स्कॉट या इंग्रज वास्तुकाराला, आणि सामान घडवलं लंडनच्या ॲशबीच्या ‘गिल्ड ऑफ हँडिक्राफ्ट’ने. त्यातल्या बैठकीच्या खोलीत बेली स्कॉटने भिंतीच्या खालच्या भागाला हस्तिदंती पांढऱ्या रंगाच्या लाकडी फळ्या बसवल्या आणि वरची भिंत नारिंगी केली. राजाच्या बैठकीत, जर्मनीत, नारिंगी भिंत. कुणाच्या रसिकतेबद्दल शंका घ्यावी असा हा माणूस नव्हता. दोनच वर्षांनी, १८९९ मध्ये, याच एर्न्स्ट लुडविगने माथिल्डनहोए टेकडीवर कलावंतांची वसाहत वसवली, आणि २०२१ मध्ये ती जागतिक वारशाच्या यादीत गेली.

त्या वसाहतीचं पहिलं प्रदर्शन १९०१ मध्ये भरलं, आणि त्यात प्रदर्शनाच्या वस्तू होत्या चक्क राहती घरं. त्यातलं आलेक्सांड्रावेगवरचं पेटर बेरेन्सचं घर आपल्या विषयाचा गाभा आहे. बेरेन्स मूळचा चित्रकार. हे त्याने बांधलेलं पहिलंच घर. तळमजल्यावर त्याने दोन खोल्या एकमेकींच्या शेजारी ठेवल्या. एक जेवणाची, पांढरी: पांढरं लाकूडकाम, पांढरं फर्निचर, आणि त्यात मोजका माणकासारखा लाल, अगदी टेबलावरच्या काचेच्या पेल्यांच्या तळापर्यंत. दुसरी संगीताची: भिंतींना निळी आरसेदार काच, करड्या छटेचं मेपलचं लाकूड, वर सोनेरी छत. दिवसा जेवायला उजळ खोली आणि संध्याकाळी पियानो ऐकायला गडद खोली. एक बरी आणि दुसरी वाईट अशी तुलना बेरेन्सने केलीच नाही. कोणत्या खोलीत माणूस कधी बसणार आणि तिथे काय करणार, यावरून त्याने रंग ठरवला. मला या सगळ्या वादात एवढी एकच गोष्ट सांगायची आहे आणि बेरेन्सने ती सव्वाशे वर्षांपूर्वी बांधून दाखवली: रंग निवडायचा तो खिडकीची दिशा आणि माणसांच्या वेळा बघून. पांढराही त्याच परीक्षेला बसला पाहिजे.

तो राजवाडा आणि बेरेन्सचं घर, दोन्ही आज आतून पाहायला मिळत नाहीत. सप्टेंबर १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात डार्मश्टाटचा मध्यभाग जळाला. नॉयेस पाले नंतर पाडलं गेलं. बेरेन्सच्या घराचा बाहेरचा भाग पुन्हा उभा राहिला, आतली रंगसजावट गेली. उरली ती त्या काळची कृष्णधवल छायाचित्रं, आणि त्यांत निळी भिंतही करडी दिसते, सोनेरी छतही करडं. ‘युरोप म्हणजे पांढऱ्या भिंती’ हा समज पसरायला अशा छायाचित्रांनी मोठाच हातभार लावला आहे. विसाव्या शतकातली आधुनिक घरं जगाने पाहिली ती कृष्णधवल पुस्तकांतून, आणि फिकट पिवळी, फिकट निळी, गुलाबी, सगळ्याच भिंती त्यात पांढऱ्या छापल्या गेल्या.

पांढऱ्याचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता म्हणून ज्याचं नाव घेतात त्या वास्तुकार ल कोर्ब्युझिएचंच पाहा. १९२५ मध्ये त्याने लिहिलं, की प्रत्येक नागरिकाने घरातले पडदे, वॉलपेपर काढून भिंतींना रिपोलिन या रंगाचा पांढरा हात मारावा. त्याच वर्षी पुऱ्या झालेल्या पॅरिसमधल्या त्याच्या ला रोश घरात आत तपकिरी, निळ्या, करड्या भिंती आहेत. आणि १९३१ मध्ये त्यानेच सालुब्रा या स्विस कंपनीसाठी ४३ छटांचा वॉलपेपरचा संग्रह तयार केला. जर्मनीत वास्तुकार ब्रुनो टाउटने १९१९ मध्ये रंगीत बांधकामासाठी जाहीर आवाहन काढलं, आणि बर्लिनमध्ये कामगारांसाठी, भाडेकरूंसाठी ज्या वसाहती उभ्या केल्या त्या लाल, निळ्या, पिवळ्या रंगांत रंगवल्या. डार्मश्टाटमध्येच कलावंत हुंडर्टवासरची ‘वाल्डश्पिराले’ ही इमारत आहे: १०५ घरं, हजारावर खिडक्या, एकीसारखी दुसरी नाही, बाहेरच्या भिंतींवर मातीच्या रंगांचे पट्टे. खिडकीतून हात जिथवर पोचेल तिथवरची बाहेरची भिंत रंगवण्याचा हक्क भाडेकरूला हवा, असं हा माणूस आयुष्यभर सांगत राहिला. तेव्हा ‘इथली माणसं असं करत नाहीत’ हे वाक्य निदान या गावात तरी बोलू नका. इथल्या माणसांनी केलं आहे, आणि ते बघायला जगभरातून लोक येतात.

आपल्याकडचीही एक चुकीची समजूत याच्याशी जोडून येते: आपली जुनी घरं साधी, पांढरी होती, रंगाचा सोस अलीकडचा. चुन्याच्या पांढऱ्या भिंती होत्या, खरंच. दिवाळीआधी किंवा गणपतीआधी चुन्यात जराशी नीळ टाकून हात मारला जाई. चुना स्वस्त होता आणि कीड-कसर दूर ठेवायचा. पण तो पांढरा कधी एकटा नव्हता. भिंतीच्या तळाशी गेरूचा किंवा कावेचा पट्टा, खाली शेणाने सारवलेली हिरवट जमीन, उंबऱ्यावर हळद, तुळशीवृंदावनाला गेरू. डहाणू-जव्हारकडच्या वारली घरांत तर भिंतच गेरूची आणि तिच्यावर तांदळाच्या पिठाचा पांढरा. दोन परस्परविरोधी रंग, एकमेकांच्या जोरावर उभे. पुढे चाळींत आणि शाळांत खाली कमरेच्या वरपर्यंत गडद ऑइलपेंट आणि वर फिकट डिस्टेंपर आलं. पाठ टेकली, तेलकट डोकं लागलं, पोरांनी हात पुसले, तरी खालचा भाग ओल्या फडक्याने पुसून निघायचा. बेली स्कॉटने राजवाड्यात पांढरा खाली ठेवला आणि रंग वर नेला. आपल्याकडे रंग खाली आणि पांढरा वर. दोन्हीकडे मांडणारे हात विचार करणारे होते. सबंध खोली, सबंध घर, छतापासून दारापर्यंत एकाच पांढऱ्याने भरून टाकणं ही इथलीही जुनी रीत नाही आणि आपलीही नाही.

आता उजेडाचा मुद्दा. हा खरा वजनदार आहे आणि त्याला मान देऊनच बोललं पाहिजे. ताजा पांढरा रंग अंगावर पडलेल्या उजेडाचा ८५ टक्क्यांच्या आसपास भाग परत फेकतो. मातकट पिवळ्याची मध्यम छटा साधारण निम्मा. गडद निळा दहा टक्क्यांच्या घरात. एवढंच गणित असतं तर वाद संपला असता.

पण उजेड किती परततो यासोबत तो कसला आहे आणि कधी आहे हेही विचारावं लागतं. डार्मश्टाट ५० अक्षांशाच्या किंचित खाली आहे. २१ डिसेंबरला भर दुपारी इथे सूर्य क्षितिजावर जेमतेम १७ अंश चढतो. पुण्यात त्याच दिवशी तो ४८ अंशांवर असतो. इथला तो दिवस आठ तासांचा, पुण्यातला अकरा तासांचा. याचा खोलीतला परिणाम फार वेगळा आहे. दक्षिणेची खिडकी असेल आणि तिचा वरचा काठ दोन मीटरवर असेल, तर पुण्यात डिसेंबरच्या दुपारी ऊन दोन मीटरही आत येत नाही. डार्मश्टाटमध्ये तेच ऊन, आभाळ मोकळं असेल तेव्हा, सहा मीटरांहून जास्त आत शिरतं आणि थेट समोरच्या भिंतीवर जाऊन पडतं. उत्तरेच्या खोलीत मात्र हिवाळाभर उन्हाची एक तिरीपही येत नाही. तिथे येतो तो फक्त आभाळाचा उजेड, निळसर करडा.

पांढऱ्या भिंतीला स्वतःचा रंग नसतो. समोर येईल तो रंग ती घेते. उत्तरेच्या खोलीत तिला निळसर करडाच मिळतो, म्हणून ती निळसर करडी होते. उजेड वाढल्याचं यंत्र सांगेल, पण बसलेल्या माणसाला ती खोली थंड आणि मळकी वाटते. हे मी दोन मोठ्या पुठ्ठ्यांवर पाहिलं आहे. एकाला पांढऱ्याचे दोन हात, दुसऱ्याला मातकट पिवळ्याचे दोन हात, दोन्ही पुठ्ठे एका वेळी एक असे उत्तरेच्या खोलीत खिडकीसमोरच्या भिंतीला टेकवून ठेवले. डिसेंबरात दुपारी तीनच्या सुमारास पांढरा पुठ्ठा कोपऱ्याकडे शिसपेन्सिलीने छाया भरल्यासारखा दिसायला लागला होता. पुठ्ठ्याची कड भिंतीच्या पांढऱ्यात मिसळून गेली. पिवळा गडद झाला, पण पिवळाच राहिला, आणि त्याच्यासमोर धरलेला हात जिवंत माणसाच्या हातासारखा दिसत होता.

यात एक बारकावा आहे, आणि तो पांढऱ्याच्या बाजूचे लोक मांडत नाहीत म्हणून मीच मांडते. उजेड मंदावत गेला की माणसाच्या डोळ्याला लाल आधी काळवंडलेला दिसतो आणि निळा तुलनेने उजळ. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे नोंदवलं. त्यामुळे उत्तरेच्या खोलीला गडद गेरू किंवा विटकरी लाल देऊ नये. तिन्हीसांजेला ती खोली खरंच अंधारी होते. मग निळा द्यावा का? निळी खोली प्रशस्त भासते पण रिकामी आणि थंड वाटते, असं गटेने १८१० च्या आपल्या रंगशास्त्रात म्हटलं आहे, आणि त्याच्या वायमारच्या घरात जेवणाचं दालन पिवळं आहे, निळी खोली वेगळी. उत्तरेच्या खोलीत निळ्याला आभाळाचा निळा येऊन मिळतो आणि थंडी दुप्पट होते. राहतो तो पिवळा, मातीकडे झुकलेला, लालाकडे न जाणारा. दक्षिणेच्या खोलीचं उलट आहे. तिथे हिवाळ्याचं बुटकं ऊन समोरच्या भिंतीवर आडवं पडतं, पांढऱ्यावरून ते डोळ्यांत घुसतं. निळा ते ऊन सोसतो, शिवाय उन्हाळ्यात, दिवस सोळा तासांचा असताना, त्या खोलीला निवांत ठेवतो. मला कुणी दक्षिणेच्या खोलीसाठी पांढरा सुचवला तर मी विरोध करणार नाही. उत्तरेच्या खोलीसाठी सुचवला तर करेन.

आणि वेळेचं काय? २१ डिसेंबरच्या सुमारास इथे सव्वाआठच्या पुढे उजाडतं आणि साडेचारच्या आत मावळतं. नोकरी करणारी, शाळेत जाणारी माणसं तो सगळा वेळ घराबाहेर असतात. ज्या उजेडासाठी भिंत पांढरी ठेवायची तो घरात असतो तेव्हा घरात कुणी नसतं. माणसं परततात तेव्हा दिवे लागलेले असतात, आणि दिव्यांचा उजेड आपण हवा तितका, हवा तिथे लावू शकतो. संध्याकाळी पाच ते रात्री अकरा ज्या भिंतींमध्ये आपण जेवतो, पोरांचा अभ्यास घेतो, आईशी फोनवर बोलतो, त्या भिंतींचा रंग दिव्याखाली पारखला पाहिजे. आपल्याकडे बहुतेकजण तो दुकानात, शेडकार्डावर, दुपारी पारखतात.

शेडकार्ड आणखी एका कारणाने फसवतं. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात रंगांची जबाबदारी सांभाळणाऱ्या शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्ये दाखवून दिलं, की शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना बदलतात. निळ्याशेजारचा पांढरा जरासा पिवळट दिसतो, पिवळ्याशेजारचा पांढरा निळसर. कार्डावरचे दोन तुकडे शेजारी धरून तुम्ही दोन रंगांची तुलना करता तेव्हा त्यांतला एकही तुम्हाला जसा आहे तसा दिसत नसतो. त्यात जर्मन भाड्याच्या घरांत भिंतीला बहुधा राउफाझर असतो, लाकडाचा भुसा घातलेला खरबरीत वॉलपेपर. त्याच्या प्रत्येक कणाची बारीक सावली पडते आणि रंग गुळगुळीत कार्डापेक्षा गडद दिसतो. म्हणून मोठे पुठ्ठे रंगवायचे, त्याच भिंतीपाशी ठेवायचे, एकाच वेळी दोन नाही, आणि सकाळी, दुपारी, दिव्याखाली पाहायचे. जास्तीत जास्त एक आठवडा जातो. पुढची पाच वर्षं त्या खोलीत काढायची असताना आठवडा महाग नाही.

आता अनामत रकमेची भीती. कायदा काय म्हणतो हे न वाचताच आपल्यात तो एकमेकांना सांगितला जातो. कार्ल्सरूहच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केलं, की राहत असतानाही भिंती फिकट आणि तटस्थ रंगांतच ठेवाव्यात असं भाडेकरूवर लादणारं छापील कलम चालणार नाही. तुम्ही राहता तोवर भिंतीचा रंग तुमचा. ज्या निकालाची धास्ती सगळे घेतात तो नोव्हेंबर २०१३ चा. त्यात भाडेकरूंना घर ताजं पांढरं मिळालं होतं, त्यांनी काही भिंती लाल, पिवळ्या, निळ्या अशा जोरकस रंगांत रंगवल्या आणि तशाच सोडून ते गेले. मालकिणीला आधी प्रायमर आणि मग दोन हात मारून घ्यावे लागले. ३,६४८ युरो खर्च आला. न्यायालयाने म्हटलं की पांढरं मिळालेलं घर बहुतेकांना नको वाटेल अशा रंगांत परत करणं ही नुकसानभरपाईची बाब आहे. म्हणजे दोष रंगवण्याचा नव्हता, तसंच टाकून जाण्याचा होता. २०१५ च्या निकालाने तर, घर रंगवून न देताच ताब्यात दिलं असेल आणि त्याबद्दल काही मोबदलाही मिळाला नसेल, तर पुन्हा रंगवून देण्याचा भार छापील कलमाने भाडेकरूवर टाकता येत नाही असं ठरवलं. तेव्हा ताबा घेतानाच्या कागदावर भिंतींची अवस्था लिहून घ्या, फोटो काढून ठेवा, आणि जाण्याआधी एक शनिवार-रविवार रोलर हातात घ्या. मातकट पिवळा पांढऱ्याच्या दोन हातांत बहुधा झाकला जातो. गडद लाल आणि निळ्याला आधी प्रायमर लागतो. मध्यम आकाराच्या एका खोलीच्या भिंतींना दोन हातांसाठी दहा लिटरची एक बादली पुरते. तोही रंग जवळचाच मिळेल. जर्मनीत घरोघरी लागणारा अल्पिनाचा पांढरा बनवणारी कंपनी डार्मश्टाटला लागून असलेल्या ओबर-रामश्टाटची आहे, आणि तिच्याच कापारोल या दुसऱ्या रंगांची खूण आहे रंगीबेरंगी पट्ट्यांचा हत्ती.

एका बादलीच्या आणि दोन दिवसांच्या खर्चासाठी वर्षानुवर्षं करड्या खोलीत राहायचं, हा हिशेब मला पटत नाही. विशेषतः ज्यांची मुलं त्या खोलीत वाढतात त्यांच्या बाबतीत तर मुळीच नाही. ‘हे घर आपलं नाही’ असं मुलांना रोज भिंतींनी सांगावं, असं आपल्यापैकी कुणालाच वाटत नसेल. तरीही आपण ते करतो, कारण कुणीतरी आपल्याला घाबरवून ठेवलेलं असतं.

यावर तडजोड म्हणून हल्ली सुचवलं जातं: एकच भिंत रंगवा, बाकी तीन पांढऱ्या. मी तीही मान्य करत नाही. खोलीतला रंग एका भिंतीवर राहत नाही. पिवळ्या भिंतीवरून परतलेला उजेड दुसऱ्या पिवळ्या भिंतीवर पडतो, तिथून छताकडे, तिथून तोंडावर, आणि प्रत्येक फेरीत तो अधिक पिवळा होत जातो. खोलीला ऊब येते ती या फेऱ्यांमुळे. तीन भिंती पांढऱ्या ठेवल्या की पहिल्याच फेरीत तो उजेड निळसर करड्यात विरून जातो आणि रंगवलेली भिंत टांगलेल्या कापडासारखी एकटी दिसते. याच कारणाने चारही भिंतींना लावलेला रंग कार्डावरच्यापेक्षा गडद उतरतो. म्हणून उत्तरेची खोली असेल तर पुठ्ठ्यावर आवडलेल्या मातकट पिवळ्याहून एक पायरी फिकट छटा मागा, छत पांढरं ठेवा, आणि चारही भिंती रंगवा.